पायाळू बाईचा खुबा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. आमच्याकडं असं मानतात की पायाळू माणसानं पाठीवरून पाय फिरवला की भरलेली उसण उतरते. पायाळूवर वीज पडते असंही मानतात, त्यामुळं लहानपणी आभाळ गडगडलं की आई मला ओढून घरात घ्यायची आणि बाकीची भावंडं बाहेर खुशाल नाचायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी लोकांच्या पाठीला पाय लावत आलेय. लग्न होऊन परतूर तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा माझ्याआधी माझ्या पायाची बातमी इथं पोचली होती. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि दारात दोन माणसं कंबर धरून उभी होती.

पाय लावायची रीत ठरलेली असते. दुखणेकऱ्यानं सकाळी अनशेपोटी यायचं. उंबऱ्याच्या आत घोंगडीवर पालथं पडायचं. मी एकच विचारायचं, "कुठं दुखतंय?" त्यानं बोट ठेवून जागा दाखवायची. मग कुणी बोलायचं नाही. मी चौकट धरून डाव्या पायावर उभी राहायची आणि उजवा पाय त्या जागेवरून तीनदा फिरवायची. असं तीन दिवस. आल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, म्हटलं तर पायाचा गुण जातो.

आज माझ्या डाव्या खुब्यात धातूचा गोळा बसवलेला आहे. माझं वय एकोणपन्नास. गावातल्या अंगणवाडीची मी सेविका आहे, म्हणून चार ओळी नीट लिहिता येतात. ज्या बायांची पाळी मागंपुढं व्हायला लागली आहे, जांघेत किंवा खुब्यात काहीतरी ठसठसतंय, आणि ज्या अजून कुणाला बोलल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांची नावं सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. माझं काय चुकलं तेवढं सांगते. त्यातली एक चूक फक्त माझ्या अंगाला लागली नाही, दुसऱ्या बाईच्याही लागली. तेही सांगणार आहे, कारण ते सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

सुटले एकदाची

पंचेचाळिसाव्या वर्षी पाळी चुकायला लागली. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत पुन्हा हजर. सत्तेचाळीस पूर्ण व्हायच्या आत ती गेलीच. मला इतका आनंद झाला की पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. बायांमध्ये बसलं की सगळ्या म्हणायच्या, सुटलीस बाई. मीही म्हणायची, सुटले.

सुटले कशाची. अंगणवाडीत पोरांना गाणं शिकवता शिकवता मानेतून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि ब्लाउज घामानं भिजायचा. माघातल्या थंडीत. राग तर नाकावरच. एकदा भाजीत मीठ कमी म्हटलं म्हणून मी मालकांच्या पुढची थाळी उचलून अंगणात भिरकावली. मालक म्हणजे माझे यजमान. गरीब माणूस, ते थाळी उचलून धुऊन परत आले आणि म्हणाले, "मीठ टाक न्हाई तर नको टाकू, पर थाळी कामून फेकती?" त्यावर मी रडले. का रडले हे मला आजही सांगता येत नाही.

त्यातच खुबा सुरू झाला. आधी जांघेत, आत खोलवर, एक बारीक कळ. खाली बसून उठताना यायची आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरायची. आमची अंगणवाडी म्हणजे दिवसभर खाली बसणं, उठणं, पोराला उचलणं. दहा वेळा उठलं की अकराव्या वेळी भिंतीला हात जायचा. मी म्हटलं, उसण भरली असेल. लोकांना बरं करणारी मी, मला दुसरं काय सुचणार?

कुणाला सांगू

पायाळूचा पाय स्वतःला लागत नाही. दुसरा पायाळू शोधावा लागतो, आणि पंचक्रोशीत मीच एक. शिवाय लाज होती. ज्या बाईच्या दारात लोक कंबर धरून येतात तीच कंबर धरून बसली तर लोक हसतील. दिव्याखाली अंधार म्हणतील. मी लंगडताना कुणी दिसलं की चालणं सरळ करायची, दात दाबून. दीड वर्ष मी दुखणं अंगावर काढलं.

गरोदर बायांना मी दम देऊन गोळ्या खायला लावायची. दूध प्या, नाचणी खा, उन्हात बसा, सगळं मला पाठ. आमच्या म्हशीचं दूध मात्र सकाळी सगळंच्या सगळं डेअरीत जायचं आणि मी काळा चहा प्यायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

वाटूर फाट्यावरच्या एका डॉक्टरकडून तीन-चार वेळा सुई घेतली. सुई घेतली की आठ दिवस बरं. तो म्हणाला, "या वयात बायांचं असंच असतं." मलाही ते बरं वाटलं. असंच असतं म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही.

आणि सकाळी कुणी आलं की मी चौकट धरून डाव्या पायावर उभी राहत होते. त्या सकाळी खुबा जास्त दुखायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अक्का

इथं मला अक्काबद्दल सांगावं लागेल. अक्का माझी मोठी जाऊ, मला सुली म्हणायची. मी या घरात आले तेव्हा चुलीपुढं तिनंच मला जागा दिली. आम्ही दोघींनी एका घरात वीस वर्षं काढली आणि भांडलो फक्त दोनदा, दोन्ही वेळा लोणच्यावरून.

पाळी गेल्यावर चार-पाच वर्षांनी अक्काची कंबर आणि खुबा दुखायला लागला. ती सकाळी माझ्याकडं यायची, घोंगडी स्वतःच टाकायची. मी विचारायची, "कुठं दुखतंय, अक्का?" ती बोट ठेवायची. मी पाय लावायची. तीन दिवस झाले की पंधरा दिवसांनी पुन्हा. असं दोन वर्षं चाललं. एकदा जरा जास्त दाब दिला तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघाला होता. मी म्हटलं, निघतेय बघ उसण.

मग एक दिवस ती न्हाणीत पाय न घसरता पडली. उभ्याची बसली, असं ती म्हणाली. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. मालक आणि त्यांचे भाऊ, दोघं बसून बोलले. पंचावन्न-छप्पन वय, आता कुठं कापाकापी करायची, पडून राहिली की हाड धरेल, असं ठरलं. आतल्या खोलीत बाज टाकली आणि अक्काला तिच्यावर ठेवलं. त्या बाजेवरून ती उठली नाही. पाठीला जखमा झाल्या. मी त्या धुवायची आणि त्या वासानं मला जेवण जायचं नाही. सात महिन्यांनी ती गेली.

बाज त्याच खोलीत राहिली. तिच्यावर आम्ही कापसाची गाठोडी ठेवायचो. मला त्या खोलीत जायला आवडत नसे.

नसीमची उसण

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची सकाळ. आमच्या गल्लीच्या टोकाला नसीम राहते. तिचा नवरा टेम्पो चालवतो, गावातल्या कामगारांना रोज जालन्याच्या एमआयडीसीत नेतो-आणतो. नसीमची कंबर पाण्याची टाकी सरकवताना धरली होती. ती घोंगडीवर पालथी पडली आणि म्हणाली, "जल्दी करो बाई, टेम्पोवाल्याचा डबा भरायचाय."

मी डाव्या पायावर उभी राहिले. उजवा उचलला. दुसऱ्या फेऱ्याला माझ्या आतून आवाज आला. मी तो कानांनी ऐकला. वाळलेली काडी मोडावी तसा, आणि मी नसीमच्या अंगावरून पलीकडं पडले. माझ्या ओरडण्यानं नसीम अशी ताडकन उठली की तिची उसण तिथंच राहिली. आजही ती म्हणते, "तुमच्या पायानं न्हाई, तुमच्या चिल्लावण्यानं बरी झाले."

तेव्हा कुणी हसत नव्हतं. माझा डावा पाय बाहेर वळला होता. अक्काचा वळला होता तसाच. मी तो पाय बघितला आणि भ्याले. दुखण्यापेक्षा ती भीती मोठी होती, हे मी खरं सांगते.

मालक गोठ्यातून धावत आले. त्यांनी बघितलं, घाबरले, आणि म्हणाले, "धरा, उचला. आतल्या बाजंवर ठेवू. मंग बघू काय करायचं ते."

मी त्यांच्या धोतराचा सोगा धरला. मी त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली. "दत्तराव, मला अक्काच्या बाजंवर ठेवू नका. मी उठणार न्हाई तिथून. तुम्हाला ठावं हाय."

त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी विसरणार नाही. त्यांना ठाऊक होतं. भावाबरोबर बसून तेव्हा त्यांनीच मान डोलावली होती.

नसीम मध्ये पडली. "बाज नक्को. टेम्पो अजून गेला न्हाई. मी थांबवते."

टेम्पोत पंधरा-सोळा माणसं बसलेली होती, कामाच्या वेळेला निघालेली. सगळे उठून कडेला उभे राहिले आणि मधली जागा मला दिली. कुणीतरी दार काढून आणलं, त्यावर मला ठेवलं. नसीमनं माझं डोकं मांडीवर घेतलं. खड्डा आला की ती आधीच सांगायची, "अब आता है, दात दाबा." जालन्यापर्यंत एकाही माणसानं उशीर झाला म्हणून तोंड वाकडं केलं नाही. त्या दिवशी त्यांचे खाडे पडले असणार. मी त्यातल्या निम्म्यांच्या लेकरांना अंगणवाडीत शिकवलंय.

फोटो

हाडांच्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. मला मावशी म्हणाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मावशी झाल्याचं वाईट वाटायला त्या दिवशी सवड नव्हती. त्यानं एक्स-रेचा फोटो उजेडापुढं धरला.

"मावशी, हे एका दिवसात मोडलेलं नाही. इथं आधीपासून बारीक चीर असणार. किती दिवस दुखत होतं?"

"दीड वर्ष."

"फोटो काढला होता?"

"न्हाई."

"पाळी कधी गेली?"

मालक तिथं उभे होते. मी खाली मान घालून सांगितलं. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला सुरुवात केली.

डॉक्टरनं साध्या शब्दांत सांगितलं. पाळी जाते तेव्हा काही बायांची हाडं झपाट्यानं हलकी होतात, आतून पोखरल्यासारखी. बाहेरून काही दिसत नाही. मग त्यानं विचारलं, "एका पायावर सगळा भार येईल असं काही काम करता का?"

मला हसू आलं. इतकं की त्याला वाटलं मला चक्कर येतेय. मी सांगितलं पायाळूचं. तो हसला नाही. म्हणाला, "चीर असलेल्या हाडावर रोज तुम्ही तुमचं सगळं वजन टाकत होता."

हाड जागेवरून सरकलं होतं. खुबा बदलण्याशिवाय मार्ग नव्हता. चीर होती तेव्हा आले असते तर कदाचित स्क्रूवर भागलं असतं, असंही तो म्हणाला. हे त्यानं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

शेवटी त्यानं विचारलं, "घरात आणखी कुणाचा खुबा असा मोडला होता का? आई, बहीण?"

"जावेचा. वारली ती."

"तिचं तुमचं रक्ताचं नातं नाही. पण तिला मुली आहेत का? असतील तर त्यांना सांगा, चाळिशी झाली की तपासून घ्या. आईचं असं झालं असेल तर मुलीला धोका जास्त."

त्याच वेळी दाराबाहेर अक्काची मुलगी रेखा माझ्यासाठी पाण्याची बाटली भरत होती.

रेखा

रेखा शेजारच्या गावात दिलेली आहे. बातमी कळल्यावर ती दुपारच्या आत दवाखान्यात आली आणि बारा दिवस राहिली. माझा मुलगा पुण्याला नोकरीला, तो दोन दिवस येऊन गेला. सून बाळंत. मालक बायांच्या वॉर्डात किती वेळ थांबणार? सगळं रेखानं केलं.

ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगते, या आजारात दुखण्याची नाही तेवढी भांड्याची भीती वाटते. पाय हलवायचा नाही, म्हणजे संडासचं भांडं पलंगावरच. मी पहिले दोन दिवस जेवलेच नाही, भांडं मागावं लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी रेखा चिडली. "काकू, माझ्या आईचं सगळं तुम्ही केलंत. आता माझ्या हातानं केलं तर काय बिघडून राह्यलं?"

तिला वाटत होतं ती उपकार फेडून राहिली आहे. मला डॉक्टरचे शब्द सांगायचे होते. ते सांगायचे तर अक्काचं सांगावं लागणार होतं, की तुझ्या आईच्या खुब्याला चीर पडलेली असणार आणि मी तिच्यावर दोन वर्षं पाय फिरवत होते. हे ऐकून रेखा उठून गेली असती तर माझं भांडं कोण उचलणार होतं? हो, मी असाच विचार केला. इतकी मी स्वार्थी झाले होते. आज सांगू, उद्या सांगू करत मी गप्प राहिले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी पोरगी आली, वॉकर पुढं ठेवला आणि म्हणाली, "चला मावशी." मी तिला मनात चार शिव्या दिल्या आणि उभी राहिले. चार पावलं. पाय माझा वाटत नव्हता. पलंगावर परतले तेव्हा शेजारची म्हातारी टाळ्या वाजवत होती. तिचा स्वतःचा खुबा मोडून तीन आठवडे झाले होते आणि तिचं ऑपरेशन करायला तिच्या घरचं कुणी सही द्यायला येत नव्हतं. आम्ही निघालो तेव्हाही ती तिथंच होती. टाटा केला तिनं.

निघायच्या आदल्या दिवशी रेखा खाली बसून माझ्या पिशव्या भरत होती. उठताना तिनं एक हात पलंगाला लावला आणि दुसरा जांघेत दाबला. क्षणभर ती तशीच वाकून राहिली, मग सरळ झाली, आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. ते उठणं माझं होतं. दीड वर्ष मी तशीच उठत होते.

मी म्हटलं, पाण्याची बाटली वर ठेव.

घर

घरी आल्यावर कळलं की आपलं सगळं जगणं जमिनीवर आहे. जेवण जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर, संडास उकिडवा. डॉक्टरनं ते सगळं बंद केलेलं. मालकांनी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासात ठेवली. भोक जरा वाकडं पडलंय, पण काम भागतं. एक दिवस त्यांनी आतल्या खोलीतली बाज बाहेर काढली आणि कुऱ्हाडीनं फोडली. लाकडं चुलीत घातली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चिडचिड गेली नाही. घामही येतो. गोळ्या, दूध, कोवळं ऊन चालू आहे. म्हशीचं दूध आता आधी माझ्या पेल्यात, मग डेअरीत. चार महिन्यांनी अंगणवाडीत गेले. मला खुर्ची लागते, आणि ती कुणी सरकवायची यावरून पोरांची रोज मारामारी. आभाळ भरून आलं की खुबा दुखतो. जिन्याला मी घाबरते. पूर्वीसारखी चालते असं जे म्हणतात ते खोटं बोलतात. पण चालते. त्या वॉर्डातल्या म्हातारीची आठवण आली की मला माझं चालणं पुष्कळ वाटतं.

गावातल्या लोकांनी एक प्रश्न मात्र सोडवून टाकला. पायाळूच्या खुब्यात लोखंड बसलं, म्हणजे गुण गेला. आता कुणी येत नाही. मला हायसं वाटलं.

उंबरा

रेखाचा रिपोर्ट अजून आलेला नाही, म्हणून याचा शेवट काय ते मला माहीत नाही. झालं तेवढं सांगते.

गेल्या रविवारी ती सकाळीच आली. चहा नको म्हणाली. कोपऱ्यातली घोंगडी घेतली, उंबऱ्याच्या आत अंथरली. मी खुर्चीत बसले होते.

"काकू, माझं बी आईसारखंच धरलंय. वरीस झालं. पाळी बी मागंपुढं व्हऊन राह्यली. तुम्ही बसल्या बसल्या लावा पाय, चालतंय."

ती पालथी पडायला वाकली तेव्हा मी ओरडले, "उठ!"

ती दचकली. मग माझ्या तोंडातून सगळं निघालं, धड क्रमानं नाही. डॉक्टरनं काय सांगितलं ते. दवाखान्यातच सांगितलं होतं आणि मी सहा महिने दडवलं ते. "तुझ्या आईला उसण नव्हती. तिच्या खुब्याला चीर असंल. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून मी तिला पाय लावत बसले. दाबलं मी तिथं, रेखा. ती कळवळली तरी दाबलं."

मला वाटलं आता ती उठेल आणि जाईल. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. ती घोंगडीवर बसून राहिली, एक पाय लांब करून.

"आईला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"पायानं काही व्हत न्हाई ते. मी म्हनलं व्हतं तिला, गुण येत न्हाई तर कामून जाती उठून उठून. तर म्हनली, सुली आधी इचारती ना, कुठं दुखतंय अक्का म्हणून. मंग मी बोट ठेवते. घरात दुसरं कोण इचारतंय?"

मी पदर तोंडात धरला. बाहेर मालक म्हशीला पाणी दाखवत होते, त्यांचा आवाज थांबला. त्यांनी ऐकलं असणार.

मी पदर सोडला आणि विचारलं, "मंग तू कामून आलीस? तुला बी ठावं हाय की."

रेखा घोंगडीची दशी ओढत होती. "मला तरी कोण इचारतंय, काकू."

मी वॉकर जवळ ओढला. उठले. तिच्यापर्यंत चार पावलं. खाली बसता येत नाही, म्हणून उभ्यानंच विचारलं, "कुठं दुखतंय?"

तिनं जांघेत बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी जालन्याला गेलो. मालक म्हणाले मी येतो, मी नको म्हटलं. ते फाट्यापर्यंत आले, दोघींना हात देऊन गाडीत चढवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. रेखाच्या नवऱ्याचा वाटेत दोनदा फोन आला, घरी काम पडलंय म्हणून. दुसऱ्यांदा फोन मी घेतला. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या पाच. मी वॉकर घेऊन एकेक चढत होते, ती कठडा धरून. दोघी लंगडत काउंटरपुढं उभ्या राहिलो. तिथल्या पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग रेखाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"पेशंट कोण?"

रेखानं सवयीनं माझ्याकडं बोट केलं. मी तिचा हात धरून खाली घेतला.

"आज ही," मी म्हटलं.